मोजायचे की तोलायचे? घरातला जुन्या नाण्यांचा डबा उघडणाऱ्यांसाठी

सांगली, मिरज, तासगाव या भागांत जुन्या घराची वाटणी झाली किंवा माळ्याची साफसफाई निघाली, की एखादा पत्र्याचा डबा हमखास खाली येतो. त्यात दोन-चार काळपट रुपये, मूठभर तांब्याचे पैसे, एखादा भोकाचा पैसा, देवघरातून आलेल्या कवड्या, आजीच्या माळेतून सुटलेली एक पुतळी, दिवाळीला सराफाने दिलेले लक्ष्मीचे चांदीचे ‘नाणे’ आणि घडी घालून ठेवलेली एक रुपयाची नोट असा ऐवज असतो. नाण्यांचा नाद असल्यामुळे असे डबे माझ्याकडे अनेकदा येतात आणि डबा उघडण्याआधीच ‘याचे किती येतील?’ हा प्रश्न येतो. माझे नम्र म्हणणे असे, की तो प्रश्न शेवटचा आहे. या ढिगातले नाणे कोणते आणि नाण्यासारखे दिसणारे पण नाणे नसलेले काय, हे आधी कळले पाहिजे. आणि ते कळण्यासाठी पैसा मुळात कसा जन्माला आला याची थोडी ओळख करून घ्यावी लागते. हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे.

साहित्य फार लागत नाही. शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा लहान तराजू, दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक लोहचुंबक, पांढरा कोरा कागद आणि एक वही एवढ्यावर भागते.

पहिली पायरी: काहीही धुऊ नका

ही सूचना सर्वांत आधी देण्याचे कारण माझ्याच डब्यात आहे. शाळेत असताना माझ्या आत्याने साताऱ्याहून एक शिवराई पाठवली होती. तिच्यावर तपकिरी, मधूनच हिरवट झाक असलेला सायीसारखा पातळ थर होता आणि त्या थरामुळेच अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. तांब्याची घागर लख्ख करावी तशी मी ती चिंच आणि मीठ लावून घासली. पाच मिनिटांत ती गुलाबी झाली, आणि ‘श्री राजा शिव’ या तीन ओळींपैकी मधली ओळ त्या चिंचेबरोबरच मोरीत वाहून गेली. तांब्यावर शेकडो वर्षांत बसलेला तो थर धातूचे संरक्षण करतो आणि नाणे जुने असल्याची साक्षही देतो. एकदा गेलेला थर परत येत नाही. तेव्हा चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर यांतले काहीही न लावता, फार तर मऊ कोरड्या ब्रशने माती झटकून, सगळा ऐवज कागदावर मांडावा. नाणे उचलताना ते कडेला धरावे. बोटाचा घाम चांदीवर डाग पाडतो.

दुसरी पायरी: ‘मोजायचे’ आणि ‘तोलायचे’ असे दोन ढीग करा

मंडईत आपण कांदे तोलून घेतो आणि रुपये मोजून देतो. सराफाकडे मात्र आपली बांगडी तोलली जाते. या साध्या भेदातच पैशाचा निम्मा इतिहास दडला आहे, कारण पैसा हा नाण्यापेक्षा कितीतरी जुना आहे आणि त्याच्या आयुष्याचा मोठा भाग तराजूत गेलेला आहे. मेसोपोटेमियात इ.स.पू. अठराव्या शतकात हम्मुराबीने जे कायदे कोरून ठेवले, त्यांत प्रतिष्ठित माणसावर यशस्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याला दहा शेकेल चांदी द्यावी असे कलम आहे. शेकेल म्हणजे त्या काळी नाणे नव्हे, तर सुमारे ८.३ ग्रॅमचे एक वजन होते. चांदीची तार, कडी, तुकडे, जे असेल ते ताजव्यात टाकून देणे फिटत असे. त्याच कायद्यात शेतावर राबणाऱ्या गड्याची वर्षाची मजुरी मात्र धान्याच्या मापात सांगितली आहे. म्हणजे पैसा होता, दर होते, देणी-घेणी होती, पण नाणे नव्हते. ते यायला आणखी हजारभर वर्षे लागली.

इथे एक गैरसमज दूर करून ठेवतो, कारण तो शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. पूर्वी लोक म्हणे कोंबडी देऊन मडके घेत, मग कोंबडीवाल्याला मडके नको असले की अडचण होई, आणि त्या अडचणीतून पैसा निघाला. गोष्ट सोपी असल्यामुळे ती टिकली आहे, परंतु आपल्याच गावगाड्याकडे पाहिले तर ती पटत नाही. कुंभार, सुतार, लोहार, न्हावी हे बलुतेदार वर्षभर काम करीत आणि सुगीला खळ्यावर येऊन आपल्या हक्काचे बलुते घेऊन जात. नांगराचा फाळ शेवटून, म्हणजे टोक काढून दिला त्या दिवशी लोहाराच्या हातावर कुणी जोंधळे ठेवीत नसे. देणे लक्षात ठेवले जाई आणि वेळ आली की फेडले जाई. म्हणजे गावात आधी उधारी होती, हिशेब होता आणि परस्परांची ओळख होती. ओळखीच्या माणसांत नाण्याची निकड कमीच असते. निकड भासते ती अनोळखी माणसाशी व्यवहार करताना: फौजेला पगार देताना, परगावच्या व्यापाऱ्याशी सौदा करताना, दंड किंवा सारा वसूल करताना.

मौल्यवान वस्तू आणि पैसा यांतला फरक सांगलीकराला हळदीवरून चटकन समजेल. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली साठवलेली हळद शतकभर लाखमोलाची मानली गेली, पण भाजीचा दर कुणी हळकुंडांत सांगितला नाही. हळकुंड-हळकुंड सारखे नसते, प्रत वेगळी, ओल वेगळी. आणि २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले तेव्हा साठवणीचा भरवसा किती, हेही दिसले. जो पदार्थ स्वतःच दर वेळी पारखून घ्यावा लागतो, त्याने दुसऱ्याची किंमत मोजणे अवघड जाते.

आता डब्यातल्या कवड्या घ्या. कवडी ही अगदी उलट टोकाची वस्तू आहे. ती तोलायची नसते, सरळ मोजायची असते. मालदीवच्या समुद्रातल्या या लहान शिंपल्या जहाजे भरून बंगालमध्ये येत आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाजारात चालत. ओडिशात कंपनी सरकारने सारा कवड्यांऐवजी रुपयांत मागायला सुरुवात केली, हे १८१७ च्या पाइक बंडामागचे एक कारण समजले जाते. आपल्याकडे तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत आणि ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ या शब्दांत ती उरली आहे. कवडी पैसा होती, यात शंका नाही. पण ती नाणे नव्हती, कारण ती कुणी घडवली नव्हती आणि तिच्या मागे कुणाचाही शब्द उभा नव्हता. समुद्राने दिली, लोकांनी चालवली. म्हणून कवड्या ‘मोजायच्या’ ढिगात ठेवा, पण जरा बाजूला.

तिसरी पायरी: वजन करा

वजन हा नवशिक्याचा सर्वांत प्रामाणिक मित्र आहे, कारण त्याला डोळ्यांसारखी हौस नसते. जुन्या सराफाच्या गल्ल्यात अजूनही कधीकधी लाल-काळ्या गुंजा सापडतात. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची होते. मी एकदा शंभर गुंजा एकत्र तोलून पाहिल्या; एकेकीत फरक बराच निघाला, पण शंभराची सरासरी या आकड्याच्या जवळ आली. (हा प्रयोग मुलांबरोबर करणार असाल तर गुंज विषारी असते आणि ती तोंडात जाता कामा नये, एवढे लक्षात ठेवा.) भारतातली सर्वांत जुनी चांदीची नाणी याच बियांच्या हिशेबात बसतात. कार्षापण हे ३२ गुंजांचे, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ३.४ ग्रॅमचे, आणि तक्षशिलेकडची वाकवलेल्या सळईसारखी नाणी शंभर गुंजांची, सुमारे ११ ग्रॅमची. पाणिनीच्या व्याकरणात ‘शतमान’ हा शब्द येतो, त्याचा अर्थच शंभर मापांचे असा आहे.

खरे आहत, म्हणजे ठसे ठोकलेले, कार्षापण भिंगाखाली धरले की एक गोष्ट दिसते, आणि ती मला आजही दर वेळी तितकीच आवडते. चांदीचा पत्रा ठोकून त्याचे चौकोनी तुकडे पाडलेले असतात आणि त्यांतल्या बऱ्याच तुकड्यांचे एक-दोन कोपरे तिरपे कातरलेले असतात. हे कातरणे सौंदर्यासाठी नव्हे. तुकडा ताजव्यात टाकला, तो जड भरला, म्हणून कोपरा उडवला, पुन्हा तोलला, आणि वजन बरोबर आल्यावरच त्यावर ठसे मारले. ठसे पाहाल तर काही वेळा ते त्या कातरलेल्या कडेवरून बाहेर निसटलेले असतात, म्हणजे आधी कातरणे आणि मग ठसा हा क्रम उघड आहे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या वतीने ते तोलून ठेवले आणि ‘आता तुम्ही तोलू नका, मोजा’ असे ठशाने सांगितले. माझ्या मते नाण्याची याहून चांगली व्याख्या नाही: ज्याचे तोलणे आधीच झालेले आहे आणि त्याची हमी अंगावर उमटलेली आहे, ते नाणे.

डब्यातल्या रुपयांचे वजन वहीत लिहा. १८३५ पासून कंपनीचा आणि पुढे राणीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी होती. वापराने झिजलेला राणीछाप रुपया थोडा हलका भरेल, पण नऊ-साडेनऊ ग्रॅम भरला तर तो बाजूला काढा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. युद्धात तांब्याची चणचण होती म्हणून पैशाच्या पोटातले तांबेच काढून घेतले गेले.

चौथी पायरी: छाप वाचा

जगातली सर्वांत जुनी नाणी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ती आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या लिडिया राज्याची आहेत आणि ती इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानली जातात. सोने-चांदीच्या मिश्रणाच्या, घेवड्याच्या बीसारख्या त्या गोळ्यांवर एका बाजूला सिंहाचे तोंड असते आणि दुसऱ्या बाजूला नुसता ठोकल्याचा खड्डा. पूर्ण नाणे सुमारे १४ ग्रॅमचे आणि त्याचे भाग करत करत ते ९६ व्या भागापर्यंत गेलेले, म्हणजे आपल्या गुंजेहून थोडेसेच जड.

लिडियात हे का घडले, याचे एक उत्तर धातूतच आहे. सोने-चांदीच्या मिश्रणात सोने किती हे नुसत्या तोलण्याने कळत नाही. शुद्ध चांदीचा तुकडा तराजूवर विश्वासाने घेता येतो. मिश्र धातूचा नाही. तिथे वजनाबरोबर कसाचीही हमी लागते, आणि ती सिंहाने दिली. पुढे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याला क्रीसस राजाने सोन्याची वेगळी आणि चांदीची वेगळी नाणी काढली. त्यासाठी मिश्रणातून सोने आणि चांदी अलग करावी लागत असे, आणि तसे काम चालणारी भट्टी राजधानी सार्डिस इथल्या उत्खननात सापडली आहे. मिठाबरोबर तापवून चांदी काढून घेण्याची ती पद्धत होती. आपल्या विट्याचे आणि खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले देशभरच्या सराफ बाजारांत तेच काम तेजाबाने करतात. मुशीत पडलेल्या रुपयाकडे पाहताना गलाईवाल्याला राणीचे तोंड दिसत नाही, कस दिसतो. आणि मुशीतून बाहेर आलेली लगड पुन्हा तोलूनच विकावी लागते. छाप वितळली, की मोजण्याचा हक्कही वितळतो.

भारतीय पद्धत वेगळी होती. इथे एकाच मोठ्या ठशाऐवजी अनेक लहान ठसे एकामागून एक मारीत, म्हणून या नाण्यांना आपण आहत नाणी म्हणतो. मगधाच्या नाण्यांवर सहसा पाच ठसे असतात: सूर्य, सहा आऱ्यांचे चिन्ह, टेकडी, झाड, प्राणी असे काही. गंमत म्हणजे ‘आहत’ हा शब्द पाणिनीच्याच सूत्रात आहे. ज्यावर रूप ठोकले आहे ते ‘रूप्य’, असे तो सांगतो, आणि आपल्या ‘रुपया’चे मूळ तिथे पोचते. या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक-बारीक ठसे दिसले तर ते हाताळणाऱ्या पारख्यांचे असावेत असे मानले जाते. तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ मध्ये हजारावर आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरचीही नाणी मिळाली, त्यामुळे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस ही नाणी चलनात होती हे पक्के झाले. कौटिलीय अर्थशास्त्रात तर टांकसाळीवर देखरेख करणारा लक्षणाध्यक्ष आणि नाणी तपासणारा रूपदर्शक असे दोन स्वतंत्र अधिकारी आहेत.

हा रूपदर्शक आपल्याला परका नाही. आपल्या गावागावांत त्याचे नाव पोतदार होते. खजिन्यात भरणा होणारे प्रत्येक नाणे पारखून, खोटे बाजूला काढून, हलके असेल तर त्यावर बट्टा लावणे हे त्याचे काम. बट्टा म्हणजे नाणे बदलून देताना कापली जाणारी रक्कम. माणसाच्या नावाला लागतो तोही हाच बट्टा. ‘खणखणीत’, ‘कसाला लागणे’, ‘बंदा रुपया’, ‘वटवणे’ हे सारे शब्द पोतदाराच्या आणि सराफाच्या बैठकीवरून उठून आपल्या बोलण्यात आले आहेत.

नाणे गोलच असते किंवा ठोकूनच केलेले असते, असा आग्रह मात्र धरू नका. चीनमध्ये काशाच्या सुऱ्या आणि फावडी ओतून ती पैसा म्हणून चालवली गेली, आणि पुढे चौकोनी भोकाचे गोल नाणे आले. तेही ओतीवच होते.

पाचवी पायरी: शब्द कुणाचा, ते शोधा

छाप आहे, वजन आहे, पण छाप कुणाची? इथे बहुतेकांचे पाय घसरतात. लक्ष्मी-गणपतीचे जे चांदीचे ‘नाणे’ सराफाकडून येते, त्यावर वजन आणि शुद्धता छापलेली असते, तरीही ते नाणे नाही. ते देऊन किराणा घेता येत नाही; विकायचे झाले तर सराफ ते पुन्हा तोलतोच. ते ‘तोलायच्या’ ढिगात टाका. राम-सीतेचे चित्र असलेला रामटंका हा पूजेचा ठोकळा आहे, रामाच्या काळातले चलन नव्हे. आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि हनुमान किंवा रामदरबार अशी जी तांब्याची ‘नाणी’ जत्रांतून फिरतात, ती कंपनीने कधीच पाडली नाहीत. दर पाचव्या डब्यात त्यांतले एक तरी असते, आणि त्याला चमत्कारिक शक्ती असल्याचे कुणीतरी घरात सांगून ठेवलेले असते.

पुतळीची कथा याच्या बरोबर उलटी आहे. ती आज दागिना आहे, पण तिचा पूर्वज अस्सल नाणे होता. व्हेनिसचे साडेतीन ग्रॅमचे सोन्याचे डुकाट पश्चिम किनाऱ्यावर इतके विश्वासाचे मानले जात, की त्यावरच्या उभ्या मानवी आकृतींवरून त्याला पुतळी म्हणू लागले आणि त्याच्या माळा घडल्या. पुढे सोनारांनी त्याच्या नकला केल्या. आजीची पुतळी बहुधा नक्कल निघेल, पण डुकाट निघाला तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय डाग द्यायला नेऊ नका.

दुसऱ्याच्या नाण्यावर आपला शब्द ठोकण्याचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचे आहे. १९०६ मध्ये तिथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारले होते. चांदी तीच, वजन तेच. नहपानाच्या गालावर सातवाहनांची टेकडी उमटली आणि नाण्याचा धनी बदलला.

साताऱ्याच्या लोकांना याची आणखी एक बाजू माहीत असावी. १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची शिवराई, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, महाराजांच्या निधनानंतरही त्याच नावाने पुढे दीर्घकाळ पाडली गेली. म्हणून हाती आलेली प्रत्येक शिवराई थेट महाराजांच्या काळातली, असे समजू नये. अक्षरांचे वळण, ठिपक्यांचे कडे आणि वजन पाहून काळ ठरवावा लागतो. ‘शिव’ची स्पेलिंगसुद्धा ठसे कोरणाऱ्यागणिक बदलते. चांदीच्या रुपयांत तर याहून चकवा आहे: पेशवाईतले रुपये मोगल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडलेले असतात. बाजारात तीच छाप ओळखीची होती, म्हणून ती ठेवली. अंकुशाचे छोटे चिन्ह शोधा. ते असले तर तो मराठी टांकसाळीचा अंकुशी रुपया असण्याची शक्यता मोठी.

सहावी पायरी: खोटे ओळखा

मी स्वतः फसलो ती गोष्ट थोडक्यात सांगतो. एका जत्रेत एका माणसाने मला ‘मौर्यांचे’ म्हणून आहत नाणे दिले. पाचही ठसे स्वच्छ, पूर्ण आणि अगदी मधोमध होते, आणि नेमके त्यालाच मी भुललो. घरी आल्यावर तराजूने ४.९ ग्रॅम दाखवले. भिंगातून पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले आणि कडेवरून फिरणारी बारीक शिवण दिसली. म्हणजे ते साच्यात ओतलेले होते. खऱ्या आहत नाण्यावर ठसे एकमेकांवर चढलेले, कडेला अर्धवट तुटलेले असतात, कारण ते एकेक करून हाताने मारलेले असतात. नीटनेटकेपणा दिसला की सावध व्हा. आणि विकत घेण्याआधी तराजू खिशातून काढायला लाजू नका; मी लाजलो होतो.

फोनवरून ‘तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा’ असे कुणी सांगितले तर ती सरळ फसवणूक असते. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार चालतात म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनेच लोकांना सावध केले होते.

सातवी पायरी: कायदा

नांगरताना किंवा पाया खणताना जमिनीतून नाणी निघाली, तर ती घरी वाटून घेण्याचा मोह आवरावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शिवाय नाणी एकत्र आणि मूळ जागीच राहिली तर त्यांची भांडी, थर, सोबतच्या वस्तू यांवरून काळ ठरतो. विखुरली की ती केवळ धातू उरतात. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंत मोडतात. त्यांची विक्री हा धंदा म्हणून करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घरात वारशाने आलेली चार नाणी ठेवायला अडचण नाही.

आठवी पायरी: चिठ्ठ्या लिहा

प्रत्येक नाण्याला एक कागदी पाकीट आणि त्यावर वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचा मजकूर आणि ते कुणाकडून आले हे लिहा. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची असते आणि नेमकी तीच राहून जाते. साधे प्लॅस्टिक काही वर्षांत चिकट होऊन धातूला डाग पाडते, म्हणून ते टाळा. नाण्यावर साल असले तर सालाखालचे चिन्हही टिपा: पत्त्यांतल्या चौकटसारखे चिन्ह म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता.

या कामात चालू नाणीही सोबत ठेवावीत, कारण त्यांनी आपला प्रवास कुठवर आला ते दिसते. २०११ च्या मालिकेतला एक रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे आणि २०१९ चा ३.०९ ग्रॅमचा. दोन्हींत स्टील आहे, दोघांचे वजन वेगळे आहे, आणि दुकानदार दोन्ही ‘एक रुपया’ म्हणूनच घेतो. कार्षापणाचा कोपरा कातरणाऱ्याला हे पाहून घेरी आली असती. दहाच्या नाण्याचे मात्र अजूनही काही दुकानांत चालेना; कधी रेषा कमी, कधी रुपयाचे चिन्ह नाही, अशी कारणे सांगून ते परत केले जाते. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांना मान्यता असल्याचे स्पष्ट केले होते, पण रूपदर्शकाचे काम प्रत्येक जण स्वतःकडे घेऊ लागला की असे होते.

राहिली डब्यातली एक रुपयाची नोट. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवाची असते, कारण ती भारत सरकारची आहे. २०११ च्या नाणे कायद्यात ‘नाणे’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात सरकारने छाप दिलेला, कायदेशीर चलन असलेला धातूचा किंवा इतर कोणत्याही पदार्थाचा ऐवज येतो, आणि त्यात भारत सरकारच्या एक रुपयाच्या नोटेचा स्पष्ट उल्लेख आहे. कार्ड, पोस्टल ऑर्डर आणि इलेक्ट्रॉनिक पैसा यांना ती व्याख्या बाहेर ठेवते. माझ्या घरी ही नोट नाण्यांच्याच पेटीत, राणीछाप रुपयाच्या शेजारच्या पाकिटात आहे. तिच्या चिठ्ठीवर वजनाची जागा तेवढी कोरी सोडली आहे.